श्रावणातल्या नूडल्स
ही गोष्ट सांगायची मी वर्षानुवर्षं टाळली, पण कढईत तुळशीची पानं तडतडल्याचा वास आला की ती आठवतेच. कतारमध्ये, दोह्याच्या बिन महमूद भागात थाई-चिनी जेवणाचं एक जुनं हॉटेल होतं, चोवीस तास उघडं. शिफ्ट कधीही सुटो, मी तिथे जायचो. तिथली थाई स्वयंपाकीणबाई माझ्या नूडल्समध्ये तसलीच पानं आणि माझ्याच सांगण्यावरून फिश सॉसचे चार थेंब घालायची. घरी मात्र मी शाकाहारी होतो. श्रावणातल्या एका शुक्रवारी दुपारी बायकोला तिथे नेलं आणि सॉस नको म्हणून सांगायचं विसरलो. पहिल्याच घासाला तिनं ताटली सरकवली. "अहो, याला माशाचा वास येतोय. तुम्ही हेच खाता?" शेजारच्या टेबलावरचे आपले लोक बघू लागले. मी ताडकन उठून मालकावर ओरडलो, "तुमच्या कुकनं मला फसवलं!" ती स्वयंपाकीणबाई हात पुसत बाहेर आली. "सर, यू टोल्ड मी. लिटल, नो प्रॉब्लेम." मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "नेव्हर." मालक तिला एवढंच म्हणाला, "खलास." म्हणजे नोकरी संपली. तिचा व्हिसा त्या नोकरीवरच होता. आठवड्याभरात तिला परत पाठवलं. तिच्या पगारावर गावाकडे दोन मुली शिकत होत्या, हे मला नंतर वाढप्यानं सांगितलं. बायको शेवटपर्यंत मला शुद्ध शाकाहारीच समजत राहिली. आज सत्तरी उलटल्यावर तिला पत्र लिहायला बसलोय, पण त्या बाईचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. 'बाई, तुम्ही खरं बोलत होतात, मला माफ करा,' हे कुणाच्या नावे पाठवू?