रंगाला जामीन

कापड हातात आलं की अक्का आधी त्याची उलटी बाजू बघत. दोन बोटांत चुरगाळत, नाकाशी नेत आणि विचारत, "हे कोण विणलं?" आमच्या कुंभकोणम्‌च्या मराठीत असंच विचारतात. दुकानदार गिरणीचं नाव सांगे. "गिरणी राहू दे. माणूस कोण?" तो बिचारा पुन्हा गिरणीचंच नाव घेई. अक्का घडी नीट घालून कापड परत देत आणि पायऱ्या उतरत.

अशी हट्टी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याबरोबर बाजारात जायची पाळी आली की आपण चार पावलं मागेच राहतो. मी तर आठ राहायची.

मुलींच्या शाळेत त्या शिवण शिकवत, मी गणित. नवरा गेल्यापासून त्या पांढरं नेसत, तेही हातमागाचं. शाळेत सगळा व्यवहार तमिळमध्ये, पण मधल्या सुट्टीत आम्ही दोघी कोपरा धरून मराठीत बोलत असू. एकदा मी मोठ्या ऐटीत विलायती बिस्किटांचा डबा पुढे केला. भाऊ मद्रासहून आला होता, त्याने आणलेला.

"इथे शेजारी इन्नंबूरला एवढा भात पिकतो, आणि तू डब्यातलं खातेस? हे कोण भाजलं, ठाऊक आहे काय तुला?"

दुसऱ्या दिवशी माझ्या पुढ्यात केळीच्या पानात बांधलेल्या चकल्या. "खा. आमच्या गल्लीतली कामाक्षी तळते. यावर तिचं घर चालतं." मला भयंकर राग आला होता. चकल्या मात्र मी सगळ्या संपवल्या.

त्या वर्षी शाळेच्या कमिटीपुढे गणवेशाचा विषय निघाला. निळा परकर, पांढरं पोलकं. गिरणीचं कापड स्वस्त, रंग पक्का. आम्हा शिक्षिकांचंही मत विचारलं, तेव्हा मी गिरणीसाठी हात वर केला. आज सांगताना लाज वाटते. अक्का तमिळमध्ये एवढंच म्हणाल्या, "विणकरांच्या गल्लीत निम्मे माग बंद पडलेत. त्यांच्या मुली आपल्याच वर्गात बसतात. त्यांच्या बापांचं कापड नको म्हणून त्यांना कसं सांगायचं?" चेअरमननी कुरकुरत एका वर्षापुरता होकार दिला.

गल्लीत माग पुन्हा वाजू लागले. परकर दिवाळीच्या आत मिळायला हवेत म्हणून अक्कांनी रंगाऱ्यामागे धोशा लावला. परकर वेळेवर आलेही. मग ऐप्पसी महिन्यातला, ऐन दिवाळीच्या सुमाराचा पाऊस आला. शाळा सुटताना मुली भिजल्या आणि घरी पोचेपर्यंत पाय निळे, पोलक्यांचे काठ निळे! दुसऱ्या दिवशी फाटकाशी आयांची ही गर्दी.

कमिटी तातडीने बसली. "रंगाऱ्याने फसवलं," चेअरमन म्हणाले. "गिरणीला कापडाची मागणी कळवून टाकू."

अक्का उभ्या राहिल्या. "त्याने नाही फसवलं. रंगवलेलं सूत नितळ पाणी येईपर्यंत धुवायचं असतं. मी घाई केली, त्याला धुवायला वेळच दिला नाही. चूक माझी आहे. मला पंधरा दिवस द्या."

भरल्या सभेत इतक्या सरळपणे कोणी चूक पदरात घेताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मला मान वर करवेना.

त्यांनी घरोघर जाऊन परकर गोळा केले. रोज पहाटे रंगाऱ्याच्या अंगणात विणकरांच्या बायकांबरोबर बसून ते धुतले, पुन्हा धुतले. शाळेत येत तेव्हा हात कोपरापर्यंत निळे असत. गुडघे सुजले होते. मी म्हटलं, "अक्का, पुरे आता." त्या म्हणाल्या, "पाणी अजून निळं येतंय की."

सोळाव्या दिवशी त्यांनी कमिटीला कावेरीच्या घाटावर बोलावलं. वर छत्र्या धरून ही मोठी माणसं उभी, आणि या साठीच्या बाई सुजल्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत पाण्यात. नदी भरलेली, वारा बोचरा. ढिगातून चेअरमननी स्वतः एक परकर निवडून दिला होता. अक्कांनी तो बुडवला, दगडावर आपटला आणि आपल्याच पांढऱ्या पदरात गुंडाळून दोन्ही हातांनी पिळला. मग पदर उलगडून वर धरला. पांढराशुभ्र!

चेअरमननी पायातल्या वहाणा काढल्या. का, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. माझे डोळे भरून आले होते. वर आल्यावर अक्का कुडकुडत होत्या, पण हसल्या. "गल्लीत जाऊन सांग जा," मला म्हणाल्या, "माग थांबवू नका म्हणून."

त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला. परकर मुलींना परत वाटले तेव्हा अक्का अंथरुणावर होत्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत.

त्यांना नेलं त्या सकाळी पाऊस कोसळत होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विणकर उभे होते, आणि त्यांच्यापुढे शाळेच्या सगळ्या मुली, गणवेशात, नखशिखांत भिजलेल्या. शेजारची म्हणाली, "अगं, शेवटचं तोंड तरी बघ." मी बघितलं नाही. माझी नजर एकेका मुलीच्या पोलक्यावरून फिरत होती. पार रांगेच्या टोकापर्यंत सगळी पांढरी होती.