डॉक्टरांची गाडी

मी तपासलेले काही दरोडे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेलेत, पण हॉर्न न वाजणारी ती गाडी अजून जशीच्या तशी आठवते. माझ्या निवृत्तीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. सकाळची हजेरी संपली होती, चहा यायचा होता. तेवढ्यात सांगवीचे एक वयस्कर मेकॅनिक ठाण्यात आले. सगळा भाग त्यांना चाचा म्हणतो. त्यांनी माझ्या टेबलावर कंपनीत वापरतात तसले पांढऱ्या सुती हातमोज्यांचे तीन जोड ठेवले.

"साहेब, हे मला स्टिअरिंगच्या आत सापडले," ते म्हणाले. "एअरबॅगच्या जागी."

त्यांच्या मागे एक तरुण उभा होता. पिंपळे गुरवला राहायचा, चाकणच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. बायको आणि आठ महिन्यांची मुलगी असा त्याचा संसार. बाळाला मध्ये बसवून नाशिक रोडवर कंटेनरच्या शेजारून मोटारसायकल चालवणं त्याला नको झालं होतं. नवी गाडी परवडत नव्हती, म्हणून जुनी घेतली. त्यातही दोन एअरबॅग असलेली हवी, हा हट्ट बायकोचा. आठवड्यात हॉर्न बंद पडला. चाचांनी स्टिअरिंगचं झाकण काढलं, तर आत हातमोजे!

आमचे फौजदार म्हणाले, "सर, हा दिवाणी मामला आहे. ग्राहक मंचाकडे पाठवून देऊ."

पाठवलंही असतं. पण मला एक शंका छळत होती. एअरबॅग नसेल तर समोर लाल दिवा पेटून राहायला हवा. तो कसा पेटला नाही?

चाचांनी आवारात गाडीजवळ नेऊन दाखवलं. "चावी फक्त फिरवायची, इंजिन चालू करायचं नाही. एअरबॅगचा दिवा पेटतो आणि चार-पाच सेकंदांत आपला आपण विझतो. आता इथे बघा."

दिवा पेटला. मी दहा आकडे मोजले, तो विझेना. चाचांनी इंजिन चालू केलं, आणि ऑइलचा दिवा व एअरबॅगचा दिवा जोडीने विझले.

"एकाची वायर दुसऱ्याला जोडलीय," चाचा म्हणाले. "आधी कुठेतरी धडकलेली गाडी आहे. एअरबॅग फुटून गेली. नवी महाग पडते, म्हणून हे."

"आणि घेताना तुझ्या लक्षात आलं नाही?" मी तरुणाला विचारलं.

"चावी आम्हाला फिरवूच दिली नाही, साहेब. नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली आणि गाडी विकणारा म्हणाला, पहिली चावी आमच्या हातची, आमची पद्धत आहे. एका झटक्यात गाडी चालू केली. मग काय, आम्हीही रोज तशीच चालू करायला लागलो." तो जरा थांबला. "साहेब, त्याच दिवशी शेजारची पांढरी गाडी अजून एका जोडप्याने नेली. त्यांच्याही मांडीवर बाळ होतं."

इथे मामला दिवाणी राहिला नाही. ती पांढरी गाडी अजून नव्या मालकाच्या नावावर चढली नसणार, म्हणजे आरटीओकडे पत्ता मिळणार नाही. तो फक्त विकणाऱ्याकडे होता, आणि छापा घातला तर तो पहिली गोष्ट करणार ती म्हणजे गिऱ्हाइकांची वही गायब.

म्हणून मी सासरा झालो. आमच्या ठाण्यात बीडकडची एक महिला शिपाई होती, ती सून झाली. तिला इतका आनंद झाला की नोकरीतली पहिली बढती मिळाल्यासारखी ती नटून आली.

आम्ही गिऱ्हाईक बनून गाडी बघायला गेलो. विक्रेता गोड माणूस. "काका, ही बघा. डॉक्टरांची गाडी. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. एका हातची."

ही डॉक्टरांची गाडी मी आयुष्यभर ऐकत आलोय. पिंपरी-चिंचवडच्या डॉक्टरांनी खरंच एवढ्या गाड्या विकल्या असत्या, तर त्यांना पेशंट तपासायला वेळच मिळाला नसता.

"मामंजी," सून म्हणाली, "ह्यात बाळाची सीट बसंल का?"

"बसवून बघ."

ती थेट चालकाच्या जागेवर बसली आणि चावीला हात घातला. विक्रेता धावला. "ताई, नको! पहिली चावी आमच्या हातची, आमची पद्धत आहे!"

तोवर चावी फिरली होती. आम्ही दोघं काचेतून लाल दिव्याकडे बघत राहिलो.

"मामंजी, ह्यो इझंना की वो."

"भाऊ," मी खिशातून ओळखपत्र काढलं, "आमचीही एक पद्धत आहे."

वही हाती लागली, पण तीत पांढऱ्या गाडीची नोंदच नव्हती. ठाण्यात तो दोन तास एकच पालुपद आळवत होता. मी कमिशनवाला, मला वायरिंगमधलं काय कळतं, पांढरी गाडी आठवत नाही. फौजदारांनी आवाज चढवून पाहिला, उपयोग झाला नाही. मग मी चहा मागवला आणि खरोखर उत्सुकता होती म्हणून विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घरी कुठली गाडी आहे हो?"

"नवी आहे साहेब. शोरूमची."

"का? तुमच्या हाताखालून तर डॉक्टरांच्या एवढ्या गाड्या जातात."

"तसं नाही साहेब, घरात लहान लेकरं आहेत ना..."

वाक्य तोंडातून निघालं आणि त्याचा चहाचा कप हवेतच राहिला. जबाब लिहिणाऱ्या आमच्या सूनबाईंनी पेन थांबवलं. "साहेब, हे पण लिहू का?"

"जसंच्या तसं लिही."

त्यानंतर त्याने टाळाटाळ केली नाही. पांढरी गाडी देहूला होती. फोन कुणी उचलेना, म्हणून आम्हीच गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. दारात गाडी उभी, डिकीत बॅगा, मागच्या सीटवर बाळाची दुपटी. कुटुंब माळशेज घाटातून बायकोच्या माहेरी निघालं होतं.

नवरा वैतागला. "साहेब, कशीबशी दोन दिवसांची सुट्टी मिळालीय. आल्यावर बघू ना!"

मी त्याला फक्त चावी फिरवायला सांगितली. दिवा काय सांगतो ते समजावलं. तो लाल ठिपक्याकडे बघत बसला. त्याच्या बायकोने दुपटी उचलली, बाळाला घेतलं आणि घरात निघून गेली. मग त्याने एकेक बॅग उतरवली. गाडी आम्ही पंचनामा करून जप्त केली.

पिंपळे गुरवच्या जोडप्याने पुढे चाचांना सोबत नेऊन दुसरी जुनी गाडी घेतली. आधीच्यापेक्षा चार वर्षांनी म्हातारी, बंपरवर ओरखडे, सीटचा रंग विटलेला. पण सर्व्हिसिंगच्या नोंदी सलग होत्या, झटका दिला की सीटचा पट्टा जागीच अडकत होता आणि सगळ्या काचांवर एकाच वर्षाचा शिक्का होता, म्हणजे धडकेनंतर बदललेली एकही नव्हती. चाचा म्हणाले, "चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत ना, मग बरं. लपवलं काही नाही."

जुनी वस्तू वाईट नसते. मी स्वतः आता त्याच गटात मोडतो. तीस वर्षं मी लोकांना विचारत आलो की तुम्ही त्या वेळी कुठे होता. त्या दिवसापासून मी विचारतो, तुमच्या स्वतःच्या घरी काय वापरता? तेलवाल्याला विचारलं, तो गडबडला. क्लासवाल्या सरांना विचारलं, त्यांची मुलगी दुसऱ्याच क्लासला निघाली. आमच्या इमारतीच्या बिल्डरलाही विचारलंय की तुम्ही कुठे राहता. ते अजून आठवून बघतायत.