रादिवोयेच्या गाडीतला वारा

बिघडलेली वस्तू दुसऱ्याकडे दुरुस्तीला देणं रादिवोयेला कमीपणाचं वाटे. दिवसभर क्न्याझेवाच गावातल्या लाकडाच्या वखारीत करवत चालवायची आणि घरी आलं की कशाचे तरी स्क्रू काढून बसायचं, यातच त्याची पन्नाशी उलटली. पंप, इस्त्री, सासऱ्याचं कानाचं यंत्र, त्याला काहीही चालायचं. बहुतेक वस्तू पुन्हा सुरू होत. कानाचं यंत्र तेवढं झालं नाही, पण सासऱ्याची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या जुलैत मात्र गाडीच्या एसीनं त्याला रडकुंडीला आणलं. गॅस होता, नळी हाताला गार लागत होती, पण वारा येईना. पंखा पूर्ण फिरवला की आवाज वादळाचा आणि झोत मात्र बशीतला चहा निववण्याइतकाही नाही.

आणि वेळ तर हातात नव्हताच. त्याच्या आईच्या, वुकोसावाच्या, हृदयाची झडप बदलायची होती. निश शहरातल्या इस्पितळानं दिलेली पहिली तारीख हुकली, कारण बंद खिडक्यांच्या तापलेल्या गाडीत घाट चढताना म्हातारीला घेरी आली आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं. आता शुक्रवार दिला होता. तोही गेला तर पुढची तारीख थेट हिवाळ्यातली, आणि तोवर थांबू नका, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

मग खिडक्या उघडायच्या की, असं जो म्हणेल तो आमच्याकडचा नाही. एका खिडकीतून शिरून दुसरीतून निघणाऱ्या वाऱ्याला आम्ही प्रोमाया म्हणतो आणि सापापेक्षा जास्त भितो. दातदुखी, कंबरदुखी, मूल न होणं, सगळ्याचं खापर तिच्याच डोक्यावर फुटतं. वुकोसावाच्या घरात तर हा चेष्टेचा विषयच नव्हता. तिचा नवरा झिवोयिन ट्रक चालवायचा. एका उन्हाळ्यात उघड्या खिडकीशी बसून घरी आला तो तोंड वाकडं झालेला, आणि आठवडाभरात गेला. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोष खिडकीलाच दिला.

सोमवारी रादिवोयेनं डॅशबोर्डचा कप्पा उतरवून मागचा फिल्टर काढला. पाचोळा, धूळ आणि लिंडेनच्या झाडाची वाळकी फुलं यांनी तो गच्च भरला होता. आई शेजारच्या सीटवर कॉफीचा पेला घेऊन बसली होती आणि बारकाईनं बघत होती. नवा फिल्टर बसताच असा झोत आला की तिच्या डोक्यावरचा रुमाल उडाला. तो दिवस रादिवोयेनं शीळ घालण्यात घालवला.

बुधवारी पुन्हा तेच. वारा नाही.

मग त्याचं डोकंच फिरलं. त्यानं पंखा साफ केला, वायरी तपासल्या, वाऱ्याची दिशा बदलणाऱ्या झडपा एकेक हलवून पाहिल्या. सीटवर स्क्रूंचा सडा पडला.

"फिल्टर बघितलास का?" बायकोनं, ल्युबिंकानं, दारातूनच विचारलं.

"परवाच बसवलाय. माझ्या हातानं."

"म्हणूनच विचारतेय."

त्यावर तो तिच्याशी जेवणापर्यंत बोलला नाही, आणि फिल्टरला तर हातही लावला नाही.

गुरुवारी दुपारी आई ओसरीवरून म्हणाली, "रादे, राहू दे रे ते. एवढा गारवा कशाला? मी काय टिकवायचं मटण आहे?"

"आई, तू गप्प बस. उद्या घाटात आडवी झालीस तर मी काय करू?"

"मी नाही आडवी होत. त्या दिवशी कॉफी न घेता निघाले होते, म्हणून."

दात-ओठ खात त्यानं पंखा सुरू केला आणि तोंड झडपेपाशी नेलं. आतून काहीतरी उडून त्याच्या ओठाला चिकटलं. तपकिरी लोकरीचं कुसळ होतं. ती लोकर तो लहानपणापासून ओळखत होता. त्यानं कप्पा उचकटला. फिल्टरच्या पलीकडे, नीट घडी घालून, आईच्या कमरेच्या लोकरी पट्ट्याचा अर्धा तुकडा बसवलेला होता.

तो तुकडा घेऊन तो ओसरीवर गेला.

"हे काय आहे?"

"पट्टा."

"दिसतंय मला. गाडीत काय करतोय?"

"थोडी फट ठेवली होती की."

"आई, मी इथं मरमर मरतोय! तुझ्या जिवासाठी!"

"माझ्या जिवाचं काय घेऊन बसलास? मी मागं बसणार. तो वारा तुझ्या मानेवर येतो." ती पदराशी चाळा करावा तशी रुमालाच्या टोकाशी चाळा करत होती. "तुझा बाप गेला तेव्हा तुझ्याएवढाच होता."

रादिवोये पायरीवर बसला. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढावा ते त्याला कळेना.

शुक्रवारी एसी दणकून चालला. गाडी घाटाला लागली तशी आई मागच्या सीटवरून पुढे सरकली आणि तिनं आपला तळवा त्याच्या मानेवर दाबून धरला.

"आई, हात काढ."

"तू रस्त्याकडे बघ."

हात दमला की खाली घसरायचा आणि पुन्हा वर यायचा. रादिवोये चरफडला, ओरडला. जिथून मागच्या वेळी परत फिरले होते तिथं तो हात घसरला आणि वर आलाच नाही. त्यानं आरशात पाहिलं. आई तोंड उघडं टाकून झोपली होती, छाती संथ वरखाली होत होती, गालावर रंगही होता.

त्यानं पंखा होता तसाच राहू दिला. मग स्वतःशीच पुटपुटत, एका हातानं शर्टाची कॉलर वर केली.