हेल्काने थांबवलेल्या चार पवनचक्क्या

हेल्का आलाकोर्वा दूर उत्तरेच्या बर्फाळ मुलखात, आमच्या डोंगरावरच्या पवनचक्क्यांची दुरुस्ती करायची. वय सत्तावन्न, शिडी चढण्यात एकोणीस हिवाळे गेलेले. बाप रेनडिअर राखायचा, त्यामुळे आभाळ वाचायची सवय तिला लहानपणापासूनच. मी तिच्या जोडीला असायचो.

कंपनीला शेजारच्या उतरणीवर दहा नव्या चक्क्या उभारायच्या होत्या. ते समजवायला दक्षिणेतून ओस्कारी नावाचा इंजिनिअर आला. गावच्या सभागृहात कॉफी पिता पिता म्हणाला, "हिवाळे उबदार होत चाललेत. पात्यांवर बर्फ कमी धरेल. तेव्हा पाती तापवायची यंत्रणा नको."

हेल्का उठली. "उणे पंचवीसला हवा कोरडी असते, तेव्हा पातं स्वच्छ असतं. बर्फ चिकटतो तो शून्याच्या जरा खाली, ओल्या ढगात. तसे दिवस पूर्वी हिवाळ्यात आठ-दहा असायचे, आता महिना महिना हटत नाहीत."

"आमचं गणित वेगळं सांगतं, बाई."

"तुमचं गणित किनाऱ्यावर बरोबर असेल. आमचा डोंगर ढगात आहे. आणि मला बाई काय म्हणता, हेल्का म्हणा."

लोक हसले. ओस्कारीने कागद गुंडाळले.

नोव्हेंबरात ओला ढग उतरला तो सहा दिवस गेलाच नाही. जुन्या चक्क्यांच्या पात्यांवर वीतभर बर्फ चढला. त्यांच्यापासून शंभर पावलांवर गावाची स्कीची वाट. हेल्काने नियंत्रण कक्षाला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "वारा चांगला आहे, चालू राहू द्या." तिने फोन ठेवला आणि वाटेलगतच्या चारही चक्क्या एकेक करून हाताने बंद केल्या.

तासाभरात कंपनीच्या साहेबांचा फोन आला. "कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. फिरत्या पात्यावरून बर्फाचं ढेकूळ सुटलं तर वाटेवरच्या माणसाला लागेल. तुम्ही येऊन उभे राहता का तिथे?"

चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. तिसऱ्या दिवशी जरा ऊब आली, आणि थांबलेल्या पात्यांवरचा बर्फ बुंध्याशीच कोसळला. एक तुकडा दाराएवढा. त्याच्याशेजारी माझं फावडं उभं करून मी फोटो काढले.

कुठल्या दिवशी पात्यांवर किती बर्फ धरला, याच्या एकोणीस वर्षांच्या नोंदी हेल्काने चौकशीत टेबलावर ठेवल्या. साहेब म्हणाले, "माफी मागितलीस तर प्रकरण मिटेल."

"मागणार नाही. पुन्हा तसा ढग आला तर पुन्हा बंद करीन. हे लिहून घ्या."

त्यांनी खरंच लिहून घेतलं. चौकशीला बोलावलेला ओस्कारी मात्र दोन दिवस त्या नोंदी वाचत बसला आणि शेवटी म्हणाला, "हिचं बरोबर आहे."

हेल्का कामावर परतली. नव्या दहांपैकी सहा चक्क्यांना तापणारी पाती मिळाली, चारांना नाही. त्याहून जास्त खर्चाला कंपनी तयार नव्हती. हेल्काने त्या चारांची कामाची यादी साहेबांच्या टेबलावर परत नेऊन ठेवली.

"यांना तापणारी पाती बसवा, मग मी चढेन."

आज दुसरा हिवाळा आहे. त्या चारांवर ती अजून चढलेली नाही, आणि मीही नाही.