उंबऱ्यावरचं खरं उत्तर

ठाण्याला नौपाड्यात वसुधाबाईंच्या घरी इंग्रजीचा क्लास चालायचा, पण तिथे चपला काढून थेट आत शिरायची सोय नव्हती. बाई दारात उभ्याच. "हॅव यू हॅड युअर टी?" पूर्ण वाक्यात उत्तर दिलं की मगच आत. आणि उत्तर खरं लागायचं. "थापा मराठीत मारा," त्या म्हणायच्या, "माझ्याकडे इंग्रजीत तरी खरं बोला."

आम्ही सगळ्या संसारी बायका. मी आंबिवलीहून यायचे, एका दवाखान्यात केसपेपर काढायचे. काहीही विचारा, मी 'येस, आय हॅव' ठोकून द्यायचे. तेवढंच तोंडात बसलेलं. एकदा क्लास चालू असताना बाईंनी विचारलं, "हॅव यू बीन टू लंडन?"

"येस, आय हॅव."

"अगं, मग आमच्यासाठी काय आणलंस?"

सगळ्या जणी हसत सुटल्या. मी मात्र रडकुंडीला आले.

बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं, पोह्यांची बशी हातात दिली. "हे बघ, हॅव उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवलं की प्रश्न. जागच्या जागी ठेवून मागे नॉट खोचला, पदरासारखा, की नकार. इंग्रजीचं काही नाही गं, तुला 'नाही' म्हणणंच जड जातं. घरी तरी म्हणतेस का कधी?" मी पोहे खात राहिले. पुढे महिनाभर उंबऱ्यावर मला असेच प्रश्न, ज्यांचं खरं उत्तर 'नाही' असेल.

मग ठाण्यातल्या एका मोठ्या इस्पितळात रिसेप्शनची जागा निघाली. नवऱ्याचं काम सुटलेलं, ती नोकरी मला हवीच होती. आदल्या दिवशी बाईंकडे गेले आणि म्हटलं, "माझ्याच्याने नाही व्हायचं."

"तुला उत्तम इंग्रजी येतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "जा."

मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "हॅव यू वर्क्ड ऑन अ कंप्युटर?" माझ्या आधीच्या दोघी 'येस' म्हणाल्या होत्या. साहेबांनी लगेच कंप्युटरसमोर बसवलं, तेव्हा त्यांची तारांबळ उडाली म्हणे. मला हे नंतर कळलं. मी आपली सवयीने म्हणाले, "नो सर, आय हॅवन्ट. बट आय कॅन लर्न." नोकरी मला मिळाली.

गेल्या महिन्यात बाई कायमच्या लेकीकडे नाशिकला निघाल्या. निरोपाला गेले, तर दारात उभ्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, "बाई, हॅव यू एव्हर टोल्ड अ लाय?"

"येस, आय हॅव. तुझ्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. तुला कुठे येत होतं गं इंग्रजी?"

मी हसायला गेले आणि डोळे भरून आले.

"हॅव यू स्टार्टेड क्रायिंग?" बाईंनी दरडावून विचारलं.

"नो, आय हॅवन्ट," मी नाक पुसत म्हटलं.

बाई बाजूला झाल्या आणि मला आत घेतलं. खोट्या उत्तरावर, पहिल्यांदाच.