भंडारदऱ्यात चुकलेला अंगठा

पाण्याखालच्या खेळांची राष्ट्रीय संघटना भंडारदऱ्याला डायव्हरांची चाचणी घेणार हे कळताच मी नगरजवळच्या नागापूरच्या कारखान्यात सुट्टी टाकली. पास झाले तर राष्ट्रीय स्पर्धेत खेळाडूंवर पाण्याखाली लक्ष ठेवणाऱ्या डायव्हरांमध्ये मी असणार होते. पोहण्यात मी जिल्ह्याच्या पुढे कधी गेले नाही, त्यामुळे ही संधी मला हवीच होती. सोबत हिवरे बाजारचे बाळूमामा. विहिरीत मला पोहायला त्यांनीच शिकवलं, म्हणून ‘मी पास’ हा निकाल त्यांनी परस्पर लावून टाकला होता.

नगरहून राहुरी, कोल्हार, संगमनेर, अकोले असा रस्ता. उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडायची तयारी ठेवा. कोल्हारला भेळ खा, पेट्रोल अकोल्यातच भरा. जलाशयाकाठी घरगुती सोय होते, खोली आणि जेवण मिळून माणशी हजाराच्या आत.

दुपारी परीक्षक मॅडमबरोबर खाली गेले. पाणी हिरवट आणि चांगलंच गार. मास्कमध्ये शिरलेलं पाणी बाहेर काढलं, सगळं झकास जमलं. मॅडमनी अंगठा आणि तर्जनीचं कडं करून विचारलं, ठीक? मी खुशीत अंगठा वर केला. कारखान्यात पत्र्याचे सुटे भाग काढणाऱ्या आमच्या प्रेस शॉपच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नाही, तिथे भाग तपासून मी अंगठा दाखवला की ‘जॉब पास’. पाण्याखाली मात्र त्याचा अर्थ ‘मला वर जायचंय’. मॅडमनी मला सरळ वर आणलं.

“काही त्रास झाला?”

“नाही मॅडम, मी मजेत होते.”

“मग आपण वर का आलो?” तेव्हा कुठे मला माझा अंगठा आठवला. “सकाळी एकदाच बघू,” त्या म्हणाल्या. “ते शेवटचं.”

काठावर मामा वाट बघत होते. “काय म्हनल्या?”

“मीच त्यांना अंगठा दाखवला.”

“आगं, परीक्षेला आलीस आन् परीक्षकालाच अंगठा दाखवलास व्हय?”

मला रडू येत होतं, तरी हसले. जेवायला बसल्यावर मामांनी फर्मान काढलं, “तोंडानं बोलायचं न्हाई. पिठलं वाढू?” मी कडं केलं की वाढायचे. भाकरीच्या वेळी सवयीनं अंगठा वर गेला, तर त्यांनी माझं ताटच ओढून घेतलं. “ऊठ. वर जायचंय न्हवं तुला?” घरमालकीणबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पुन्हा चुकले नाही.

सकाळी खाली मॅडमनी विचारलं, ठीक? मी कडं दाखवलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही कडंच. शेवटी त्यांनीच अंगठा वर केला. आम्ही वर आलो आणि त्या म्हणाल्या, “पास.” काठावर मामा दोन्ही अंगठे उंचावून उभे होते. “यांना अजून किती वर जायचंय?” मॅडमनी विचारलं.

परतीच्या वाटेवर कोल्हारला भेळ खाताना मामांनी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशी बातमी सांगितली. मी त्यांना अडवलं नाही. राष्ट्रीय स्पर्धेत मी पाण्याखाली असणार, याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

सोमवारी कामावर गेले. प्रेसवरच्या अस्लमभाईंनी दिलेला पहिला जॉब मी तपासून परत पाठवला आणि त्यांनी लांबूनच भुवई उडवली. मी झोकात कडं करून दाखवलं. ते त्यांनी शून्य समजून जॉब रिजेक्टच्या लाल क्रेटमध्ये टाकला.

मी धावत गेले, त्यांच्या कानाशी ओरडले, “अस्लमभाई, पास आहे तो.”

“मग नीट अंगठा दाखवा ना, मॅडम.”