तिच्या वाटची पात

त्या वर्षी मी नोकरी सोडणारच होतो. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालेलं, आणि रोहिणखेडच्या अलीकडच्या एका खेड्यात आमची दोन शिक्षकांची शाळा. हेडमास्तर ‘मोठे गुरुजी’, मी नवा म्हणून ‘लहान गुरुजी’. चौथीत मुलगी एकच होती. गावातली एकही मुलगी तोवर चौथी पास झाली नव्हती. हिला परीक्षेला बसवायचं काम मोठ्या गुरुजींनी माझ्या गळ्यात घातलं.

दिवाळी झाली, कापूस फुटला आणि ती आईबरोबर मजुरीनं वेचायला जाऊ लागली, शाळेत यायची बंद झाली. मी तिच्या आईपुढं शिक्षणावर लांबलचक भाषण ठोकलं. बाईनं मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. मोठे गुरुजी हसले.

“भाषण काऊन देऊन राह्यले? मायच्या संगं पात धरा. पोरीच्या वाटचा कापूस आपुन वेचला, का पोरगी मोकळी.”

दरवर्षी कुठल्या ना कुठल्या पोरासाठी ते हेच करत. सकाळी वावरात एक पात, म्हणजे कापसाच्या झाडांची ओळ, वेचायची, अकराला शाळेत.

मी मलकापूरचा. कापसाच्या गाठी जन्मभर पाहिल्या, पण झाडाला कधी हात लावला नव्हता. त्यांच्याबरोबर वेचू लागलो, बोटं सोलवटली, पण पोरगी वर्गात येऊन बसली. मला वाटलं, जिंकलं! मग एक दिवस मोठे गुरुजी तालुक्याला गेले आणि पातीवर मी एकटाच. शाळेला उशीर होतोय म्हणून मी कापूस बोंडासकट ओरबाडला. सगळा पाचोळा त्यात. वावराच्या मालकानं गाठोडं सोडून पाहिलं आणि तिच्या आईला सांगून टाकलं, “उद्यापासून येऊ नको.” मी हातापाया पडलो. तो ढिम्म हलला नाही.

मायलेकी मग लांबच्या वावरात जाऊ लागल्या, दिवसभर; तिथं वेचून अकराला शाळेत परतणं आम्हाला शक्य नव्हतं. मोठे गुरुजी पहिल्या मालकाकडं जाऊन हात जोडून आले, तेही फुकट गेलं. मला अन्न गोड लागेना.

“मी घरी चाललो,” मी म्हटलं. “हे मला जमायचं नाही.”

ते भडकले. “जा ना! पण मले काय सांगता? तिले सांगा.”

गेलो. ती कमरेला ओटी बांधून वेचत होती. तिला पाहून मला रडूच कोसळलं. ती घाबरून जवळ आली.

“गुरुजी, माह्या जागेवर कोणी बसते काय?”

“नाही.”

“मंग माह्या लहान्या बहिणीले बसवा,” ती म्हणाली. “तिले अजून वेचता येत नाई.”